मिऱ्याची शेंग

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ढोबळी मिरची कधी खाल्ली नाही. एकदाचा अपवाद सोडला तर. तो मागाहून सांगते.

लग्न होऊन मी बेळगावात आले त्या वर्षी मोठ्या हौसेनं पीठ पेरून ढोबळीची भाजी केली होती. आत्याबाईंनी ती ताटात वाढूच दिली नाही. "हे विलायती आपल्यात चालत नाही," एवढंच म्हणाल्या आणि भाकरी चटणीशी खाल्ली. चटणी म्हणजे आमच्याकडची वर्षाची लाल चटणी, संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची मिळून कांडलेली, अर्थात कांदा-लसणाशिवाय. मी नवी सून. गप्प बसले. त्यांच्या ताटातली चटणीसुद्धा तितकीच विलायती होती, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

मिरची आपली नव्हे, हे ऐकून बायका अजून हसतात. पण जुने ग्रंथ उघडून पाहावेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' बाराव्या शतकातला. त्यात राजाच्या जेवणाचं केवढं वर्णन आहे! तिखटाला मिरी आहे, आलं आहे, मिरची नाही. त्याहून आपल्या जवळचा ग्रंथ म्हणजे मंगरसाचा कन्नड 'सूपशास्त्र'. हा तिसरा मंगरस जैन होता, आणि 1508 च्या सुमारास त्यानं चक्क स्वयंपाकावर काव्य रचलं. सगळा शाकाहारी स्वयंपाक. त्यात वांग्याचे प्रकारच्या प्रकार आहेत. आमच्याकडे नेम पाळणारी माणसं बहुबीज म्हणून वांग्याला हात लावत नाहीत, आणि पाचशे वर्षांपूर्वीचा एक जैन कवी त्याची पाककृती छंदात बांधतो! मिरची मात्र त्याच्याकडे नाही. असणार तरी कुठून? पोर्तुगीजांनी गोवा घेतला 1510 मध्ये.

मिरची मूळची अमेरिकेतली. मेक्सिकोकडचे लोक ती हजारो वर्षं लावत होते. 1492 मध्ये कोलंबस मसाल्यांच्या देशाला जायचं म्हणून निघाला आणि भलतीकडे पोचला. मिरी काही मिळाली नाही, तिखट शेंग मिळाली, तर तिलाच त्यानं मिरीचं नाव देऊन टाकलं. 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, तोही मिऱ्यासाठीच. पुढं पोर्तुगीजांची गलबतं इथून मिरी भरून नेऊ लागली आणि त्यांच्याच मार्गानं मिरची इकडं आली. गोंधळ असा झाला की फुक्स नावाच्या जर्मन वैद्यानं 1542 च्या आपल्या वनस्पतिग्रंथात मिरचीचं चित्र काढलं आणि तिला कालिकतची मिरी म्हटलं. त्याला ती हिंदुस्थानातलीच वाटली.

नावात ही सगळी कथा शिल्लक आहे. मराठीत मिरीवरून मिरची. गोव्यात कोकणीत मिरसांग, म्हणजे मिऱ्याची शेंग. आमच्या सीमाभागात दोन्ही भाषा घरात असतात, म्हणून कन्नडही सांगते: मेणसु म्हणजे मिरी, काई म्हणजे फळ, त्यावरून मेणसिनकाई. तिन्ही भाषांनी पाहुणीला नवं नाव दिलंच नाही. जुन्या मालकिणीचं नाव घेऊन ती घरात शिरली.

शिरली खरी, पण टिकली कशी? अकबराच्या काळात, सोळाव्या शतकाच्या अखेरीला लिहिलेल्या 'आईन-इ-अकबरी'त पदार्थांची मापं दिली आहेत, तिथंही मिरची नाही. म्हणजे दरबारात तिची वर्णी लागलेली नव्हती. मला वाटतं, ती परसदारानं आली. मिऱ्याचा वेल मलबारातला, नाहीतर घाटातल्या ओल्या रानातला. त्याला सावली लागते, चढायला झाड लागतं, भरपूर पाऊस लागतो. आमच्या काळ्या रानात तो जगणार नाही. तेव्हा मिरी म्हणजे पैसे मोजून आणायची आणि डब्यात जपून ठेवायची वस्तू. मिरचीचं तसं नाही. वाळलेली एक मिरची फोडून बी टाका, आठ-दहा दिवसांत उगवतं, महिना-सव्वा महिन्यात रोप हलवायला येतं, पुढं दोनेक महिन्यांत फळ हाताला लागतं. न्हाणीघराचं पाणी जातं तिथंही चार झाडं जगतात. जिच्या हातात पैसा नव्हता तिलाही तिखट स्वतःच्या दारात मिळू लागलं. हे कुठल्या बखरीत कोण लिहिणार?

आपल्या नेमधर्मातही तिची सोय तशीच लागली असावी. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी सोडायची, चातुर्मासात तर आणखी नेम. हिरवी मिरची त्या दिवशी बंद. पण तीच पिकली, उन्हात कडकडीत वाळली की प्रासुक झाली, चालते. कंद नव्हे, मूळ नव्हे. राहता राहिलं बहुबीज. मिरचीत तर बियाच बिया! त्यावर आमच्या आज्जीचं उत्तर ठरलेलं असायचं, "तिच्या बिया आपापल्या घरात बसल्यात, वांग्यासारख्या गरात मिसळल्या नाहीत." हा निवाडा तिला कोणी सांगितला, तिच्या सासूनं की सासूच्या सासूनं, हे विचारायचं राहून गेलं. शास्त्रं लिहिली गेली तेव्हा मिरची इथं नव्हती, म्हणजे तिच्या नावाचा नियम जुन्या ग्रंथात सापडायचा नाही. कधीतरी कुणीतरी चुलीपुढं बसून तो ठरवला असणार.

आता माझ्या कुंड्यांविषयी. गच्चीवर चार कुंड्या होत्या, दोन संकेश्वरीच्या, दोन ढोबळीच्या. नाव शिमला मिरची असलं तरी ढोबळीचं कूळही अमेरिकेचंच. ही आणि तिखट मिरची वनस्पतिशास्त्रात एकाच जातीच्या, सख्ख्या बहिणी म्हणा. ढोबळीला रात्रीचा गारवा लागतो, उकाडा वाढला की ती फुलं गाळते. बेळगावची हवा तिला मानवते. खरा त्रास फुलकिड्यांचा. पानं वरच्या बाजूला मुडपतात, आकसतात, शेतकरी याला चुरडा-मुरडा म्हणतात. औषध मारायला माझा हात होईना. नुसत्या पाण्यानं पानं धुतली तरी किडे मरणारच की. आत्याबाईंना विचारलं. त्या शेतकऱ्याची लेक. म्हणाल्या, "माझ्या बापानं जन्मभर तंबाखू आन् मिरची केली. नांगर घातला तेव्हाच हिंसा झाली. मारायचं मनात धरून मारू नये, आन् केलेलं नाही म्हणूही नये." संकल्पी आणि उद्योगी हिंसेतला फरक मी पाठशाळेत पाठ केला होता. कळला त्या दिवशी. सकाळी सकाळी पानं धुवायची, फारच बिघडलेला शेंडा खुडायचा, एवढ्यावर मी राहिले. निम्मी झाडं गेली.

उरलेल्या ढोबळीचं बी धरलं आणि पुढच्या वर्षी लावलं. तेव्हा ठाऊक नव्हतं की शेजारच्या तिखट झाडाचा पराग मधमाशीनं आणून टाकला तर त्या वर्षीचं फळ गोडच राहतं, पण त्या बियांची झाडं तिखट निघतात. मिरचीत तिखटपणा वरचढ असतो. फळं जरा लांबट आली, तरी मला शंका आली नाही. डाळीचं पीठ लावून भाजी केली. ह्यांनी पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी! मुलं हसायला लागली, मी पाणी आणायला धावले.

आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "बघू गं." भाकरीच्या तुकड्यावर भाजी घेतली, सावकाश चावली. डोळे पुसले.

"ही ढोबळी कुठली? ही तर आपली मिरची," म्हणाल्या आणि ताट पुढं केलं.