तीन बिऱ्हाडांचे घर

अमेरिकेतले घर म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळीच्या मधोमध उभा असलेला एका कुटुंबाचा बंगला येतो. पण बॉस्टन, वूस्टर अशा ईशान्येकडील शहरांच्या कामकरी वस्त्यांतून फिरले, तर वेगळेच घर दिसते. लाकडी, अरुंद, तीन मजल्यांचे. प्रत्येक मजल्यावर एक बिऱ्हाड. त्याला तिथे ‘थ्री-डेकर’ म्हणतात. त्यामागचा हिशेब साधा होता. मालकाने एका मजल्यावर राहायचे आणि उरलेल्या दोन मजल्यांच्या भाड्यातून कर्जाचा हप्ता भागवायचा. हा हिशेब कधी जमला आणि कधी फसला, हेच मला आज सांगायचे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या शहरांतील कारखान्यांत आयरिश, फ्रेंच-कॅनेडियन, पोलिश, ज्यू अशा स्थलांतरितांची गर्दी झाली. १८८९ मध्ये बॉस्टनला विजेच्या ट्रामगाड्या धावू लागल्या आणि शहराच्या कडेची जमीन आवाक्यात आली. मजुरीवर जगणाऱ्याला बंगला परवडत नव्हता. पण भाड्याच्या भरवशावर तीन बिऱ्हाडांचे घर घेता येई. पुण्याच्या वाड्यांतही मालक आणि बिऱ्हाडकरू एकाच छपराखाली राहत. मात्र वाडा बहुधा वडिलोपार्जित असे. हे घर कर्ज काढून घेतलेले असे.

सर्वांनाच ते पसंत नव्हते. लाकडी घरांना आगीचे भय होतेच. शिवाय स्थलांतरितांची वस्ती आपल्या शेजारी नको, ही भावनाही होती. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या १९१२ च्या कायद्याने गावांना अशा बांधकामावर बंदी घालण्याची मुभा मिळाली आणि अनेक गावांनी ती वापरली. १९३० नंतर नवी थ्री-डेकर क्वचितच उभी राहिली. त्यामुळे आज विकायला निघते ते बहुतेक शंभरीच्या आसपासचे असते.

१९३४ मध्ये केंद्र सरकारने गृहकर्जाला विमा देणारी संस्था काढली. तिचा विमा चार बिऱ्हाडांपर्यंतच्या घरांना मिळे. पण कृष्णवर्णीयांच्या वस्त्या दीर्घकाळ त्यातून वगळल्या गेल्या. १९६८ मध्ये बॉस्टनच्या बँकांच्या एका गटाने ही उणीव भरून काढायचे ठरवले. कृष्णवर्णीय कुटुंबांना सरकारी विम्याचे कर्ज मिळू लागले. अट एकच, घर नकाशावर आखलेल्या हद्दीतलेच हवे. डॉर्चेस्टर आणि मॅटापॅन भागांत दलालांनी ज्यू रहिवाशांना भीती घालून घरे स्वस्तात विकायला लावली. घरांची तपासणी वरवर झाली. नवा मालक राहायला आला, की छप्पर गळे किंवा बॉयलर बंद पडे. दुरुस्तीत पैसे संपत, हप्ते थकत. कित्येकांची घरे गेली. १९७१ मध्ये सिनेटच्या उपसमितीला याची सुनावणी घ्यावी लागली.

त्याच १९६८ साली घर देताना भेदभाव करण्यास मनाई करणारा केंद्रीय कायदा झाला. मालक स्वतः राहत असेल, तर चार बिऱ्हाडांपर्यंतच्या घराला त्यातून सूट मिळाली. आपल्या घरात भाडेकरू ठेवणाऱ्या एका काल्पनिक बाईच्या नावावरून तिला ‘मिसेस मर्फी’ सवलत म्हणतात. पण ही सवलत दिसते तेवढी मोठी नाही. भेदभावाची जाहिरात करता येत नाही. आणि १८६६ च्या कायद्यानुसार वंशावरून घर नाकारणे कोणालाच चालत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी दिला.

हा इतिहास आज आपल्या माणसांच्याही कामाचा आहे. माझा एक भाचा न्यू जर्सीत नोकरी करतो. बदली मॅसॅच्युसेट्सला होणार म्हणून तो तिथे असे घर पाहतो आहे. सरकारी विम्याच्या कर्जात पत चांगली असेल तर किमतीच्या साडेतीन टक्के स्वतःचे घालून भागते. मात्र साठ दिवसांत राहायला जावे लागते आणि निदान वर्षभर तिथे राहावे लागते. त्याने भाड्याचा हिशेब मांडून मला पाठवला. मी त्याला म्हटले, “अरे, राज्य बदलले की कायदाही बदलतो.” तिथे भाडेकरूची अनामत एका महिन्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि ती त्या राज्यातल्या बँकेत वेगळ्या, व्याजाच्या खात्यात ठेवावी लागते. १९७८ पूर्वीच्या घरांत शिशाचा रंग असू शकतो. सहा वर्षांखालचे मूल राहत असेल, तर त्या रंगाचा धोका दूर करण्याची जबाबदारी मालकाची. मूल आहे म्हणून बिऱ्हाड नाकारणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तोही भेदभावच ठरतो.

थ्री-डेकरने हजारो मजुरांना घरमालक केले, हे खरे. पण १९६८ च्या खरेदीदारांना भाडे येण्याआधीच छपराने आणि बॉयलरने गाठले. म्हणून लांबच्या राज्यातले जुने घर घेणाऱ्याने आपल्या विश्वासाचा तपासनीस पाठवून छप्पर, पाया, वायरिंग आणि बॉयलर पाहून घ्यावा. दुरुस्तीची रक्कम बाजूला काढावी आणि एक बिऱ्हाड चार-सहा महिने रिकामे राहिले तरी हप्ता भरता येईल का, ते पाहावे. एवढे जमत असेल तरच सही करावी.