कोरोनाकाळातल्या नागपूरच्या बागा, मैदानं आणि जिम: काय, केव्हा, कुणासाठी उघडं होतं?

मार्च २०२० ते मार्च २०२२ या दोन वर्षांत शहरातल्या बागा, मैदानं, जिम, तरणतलाव कितीदा बंद झाले आणि कितीदा उघडले, हे आज घरात कुणाला विचारा, नीट सांगता येत नाही. आमचे विद्यार्थी विचारतात, म्हणून हा क्रम इथे मांडून ठेवतो.

हे सारे नियम दोन कायद्यांच्या आधारे आले: १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. चौकट राज्य सरकार ठरवायचं, शहरापुरता आदेश महापालिका आयुक्त काढायचे.

नागपुरात पहिला रुग्ण ११ मार्च २०२० ला सापडला. एप्रिलमध्ये सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा हे भाग सील झाले. एका खोलीत सहा-सात माणसं, अंगण नाही, गच्ची असली तर सगळ्यांची मिळून. अशा मोहल्ल्यांत "घरीच राहा" याचा अर्थ बंगल्यातल्यापेक्षा फार वेगळा होता.

पहिली सूट 'पुनश्च हरिओम'मध्ये मिळाली. ३ जून २०२० पासून पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळात चालणं, धावणं, सायकल चालवणं चालू झालं. अटी मात्र होत्या: घोळका नको, मुलांसोबत मोठं माणूस हवं, आणि व्यायाम घराजवळच. आता ही "घराजवळ"ची अट बघा. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स सगळं शहराच्या पश्चिमेला. जुन्या शहरातल्या दाट वस्तीला मोकळी जागा मुळातच कमी. नियम सगळ्यांना एकच होता, फायदा सारखा नव्हता. प्रतिबंधित क्षेत्राला तर ही सूटही नव्हती.

पुढे जिम २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी उघडल्या. सिनेमागृहं ५ नोव्हेंबरपासून निम्म्या खुर्च्यांवर. तरणतलाव त्याच दिवशी, पण फक्त स्पर्धेच्या खेळाडूंसाठी. मशिदी, मंदिरं त्यानंतर, १६ नोव्हेंबरला. २६ जानेवारी २०२१ ला गोरेवाडा प्राणीउद्यानाचं उद्घाटन झालं, पण दुसरी लाट जवळच होती. १५ मार्चपासून शहरात पुन्हा लॉकडाऊन, एप्रिलपासून राज्यभर 'ब्रेक द चेन'. १४ मे २०२१ ची ईद घरातच गेली. दुसऱ्या दिवशी, बासी ईदला मुलांना महाराजबागेत नेणं तर दूरच.

७ जून २०२१ पासून पाच स्तर आले. पॉझिटिव्हिटी दर आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा, या दोन आकड्यांवर जिल्ह्याचा स्तर ठरायचा. पहिल्या दोन स्तरांत बागा-मैदानं नेहमीसारखी. तिसऱ्यात रोज सकाळी ५ ते ९. चौथ्यात तेच, पण शनिवार-रविवार बंद. पाचव्यात पूर्ण बंद. नागपूर आधी पहिल्या स्तरात होतं, जूनअखेर तिसऱ्यात आलं.

सकाळी ५ ते ९ ही वेळ कुणाची? फजर पढून निघणाऱ्या पुरुषांची. त्याच वेळी घरातली बाई चूल-डब्यात अडकलेली असते, आणि ती बागेत जाऊ शकते ती संध्याकाळी. आमच्या मते या नियमाचा हा सर्वात कमी बोलला गेलेला भाग आहे. संसर्ग मोकळ्या हवेत कमी पसरतो हे तोवर माहीत झालं होतं. मग दिवसभर उघडं ठेवलं असतं तर गर्दीही विभागली असती.

२ ऑगस्टच्या आदेशाने बागा व्यायामासाठी खुल्या झाल्या. जिम ५० टक्के क्षमतेने, एसी बंद ठेवून, रात्री ८ पर्यंत, शनिवारी दुपारी ३ पर्यंत, रविवारी सुट्टी. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन आला आणि प्राणीसंग्रहालयं, तरणतलाव पुन्हा बंद. जिम चालू राहिल्या, पण दोन्ही डोस घेतलेल्यांसाठीच, तेही मास्क लावून.

१ एप्रिल २०२२ पासून राज्यातले निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. २ तारखेला गुढीपाडवा होता, ३ ला पहिला रोजा. त्या वर्षीची ईद ३ मे रोजी झाली, दोन वर्षांनी पहिल्यांदाच निर्बंधांविना.