मनगटावरचा दिलासा : प्रस्तावना

पुरुषांचं आरोग्य आणि मोबाइल ॲप या विषयाकडे वैद्यक, समाजशास्त्र, कायदा, संगणकशास्त्र अशा कोणत्याही दारातून यावं, सगळ्यांना इथे काम आहे. सुरुवात मात्र एका फसलेल्या ॲपपासून करावी, असं मी सुचवेन.

2014 साली अमेरिकेत ‘इन्स्टंट ब्लड प्रेशर’ नावाचं ॲप आलं. कॅमेऱ्यावर बोट टेकवायचं, फोन छातीशी धरायचा, की आकडा हजर. दंडाला पट्टा बांधायला नको. लाखाहून अधिक वेळा ते विकलं गेलं. पुढे ते बाजारातून गेलं आणि 2016 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी घेतलेली त्याची चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांचा रक्तदाब खरोखर वाढलेला होता, अशा चारांतल्या तिघांहून अधिक जणांना ॲपने बिनधोक आकडा दाखवला होता. उच्च रक्तदाब बहुधा दुखत-खुपत नाही, त्यामुळे असा खोटा दिलासा शरीर खोडून काढत नाही. हा दिलासाच आपल्या अभ्यासाचा खरा विषय आहे.

मार्टिन सेफर आणि सहकाऱ्यांनी 1979 साली उपचारातल्या विलंबाचे तीन टप्पे दाखवले : आपण आजारी आहोत हे उमजेपर्यंतचा, डॉक्टरांकडे जायचं ठरवेपर्यंतचा आणि ठरवून प्रत्यक्ष पोहोचेपर्यंतचा. ॲप पहिल्या दोन टप्प्यांत शिरतं. पुरुषांच्या बाबतीत तिथे त्याला आयती जागा मिळते. दुखण्याकडे दुर्लक्ष करणं हाच पुरुषपण सिद्ध करण्याचा मार्ग होऊन बसतो, अशी मांडणी विल कोर्टने यांनी 2000 साली केली. दुखणं अंगावर काढणारा बाप आपल्याही घरोघरी आहे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातल्या 24 टक्के प्रौढ पुरुषांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी औषध चालू होतं. बायका बाळंतपणाच्या निमित्ताने तरी तपासल्या जातात. पुरुषाला तसं निमित्तच नसतं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती लिंगाच्या ताठरतेच्या तक्रारीची. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक असतात, म्हणून रक्तवाहिन्यांचा विकार तिथे आधी जाणवू शकतो, अनेकदा हृदयाची तक्रार सुरू होण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी. संकोचापायी माणूस ॲप उघडतो. व्यायाम, ध्यान, पूरक गोळ्या सुचवल्या जातात. लाज राखली जाते, पण साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब कोणीच तपासत नाही. सावध होण्यासाठी मिळालेली वर्षं अशी हातची जातात.

सगळी ॲप मोडीत काढणं अन्यायाचं होईल. हृदयाची अनियमित लय ॲप असलेलं स्मार्ट घड्याळ टिपू शकतं, हे चार लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या ‘ॲपल हार्ट स्टडी’ने 2019 मध्ये दाखवलं. तेच घड्याळ हार्ट अटॅक ओळखू शकत नाही, असं कंपनी स्वतःच सांगते. ही सूचना किती पुरुषांच्या वाचनात आली असेल, हाही संशोधनाचाच प्रश्न आहे.

नव्या अभ्यासकाला एक विनंती. अचूकतेचे तक्ते जरूर करा, पण त्याआधी एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत जाऊन बसा. पहिला त्रास कधी जाणवला आणि इथे कधी आलात, हे तिथल्या पुरुषांना विचारा. मधल्या काळात फोनमध्ये काय पाहिलं, तेही विचारा, आणि उत्तर देताना त्यांना ओशाळं वाटणार नाही अशा रीतीने विचारा.