पाटलाचे पद आणि पाटलाचा शब्द

निजामी मुलखात नांदेड-लातूरकडे गावचा कारभार माली पाटील, पोलीस पाटील आणि पटवारी यांच्या हाती होता. पण १९२९च्या ‘गश्ती निशाण ५३’ने जाहीर सभेलाच परवानगी सक्तीची केली; तिथे सरकारी माणसाने बोलायचे कुठे? १९४७-४८च्या लढ्यात अनेक पाटील-पटवाऱ्यांनी राजीनामे दिले. माझ्या मते तेच त्यांचे भाषण.

पुढे राज्यघटनेचे ३११वे कलम आले. मुलकी पदावरच्या माणसाला आरोप कळवून, त्याचे म्हणणे ऐकूनच एरवी बडतर्फ करता येते. पण गावकामगार मुलकी पदावरचा मानायचा का? आसामचा मौजादार आपल्या पाटलाचा भाऊच शोभावा: महसूल गोळा करी, त्यावर कमिशन मिळे, कधी पगारही. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचे पद मुलकी ठरवले. ३११ची रीत न पाळता केलेली बडतर्फी टिकली नाही.

बोलण्याचा निवाडा त्याआधीच, १९६२ मध्ये, बिहारच्या कामेश्वर प्रसाद खटल्यात झाला होता. नोकरीत शिरताना मूलभूत हक्क दाराबाहेर ठेवावे लागत नाहीत, म्हणून निदर्शनांवरची सरसकट बंदी गेली. संपाचा हक्क मात्र न्यायालयाने मानला नाही.