मोटार-एंजिनांचे बिघाड व दुरुस्ती : नासिक परिसर

मुंबईहून नासिककडे येणाऱ्या वाहनास कसारा अर्थात थळ घाट चढून इगतपुरीमार्गे यावे लागे. घाटमाथ्यावरील इगतपुरी समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. उंचीवर आहे. या चढणीवर रेल्वेगाड्यांनाही मागून जोड-एंजिने लावावी लागत, तेथे मोटारीची काय कथा! स्वातंत्र्योत्तर चार दशकांत बॉनेट उघडून रस्त्याकडेला थांबलेल्या गाड्या हे घाटातील नेहमीचे दृश्य होते. अशा खोळंब्याचा दोष सामान्यतः गाडीच्या वयावर किंवा मिस्त्रीच्या अज्ञानावर लादला जाई. वस्तुतः पुष्कळशा बिघाडांचे मूळ एंजिनाबाहेर, विशेषतः त्यात जाणाऱ्या इंधनात होते. मात्र ही गोष्ट फार उशिरा लक्षात घेतली गेली.

परवाना पद्धती व आयातबंदी यांमुळे १९८३ साली मारुती मोटार येईपर्यंत ग्राहकापुढे दोन-तीन प्रकारच्याच मोटारी होत्या. वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी फियाट पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. तिच्या १,०८९ घ.सेंमी. एंजिनाचा मूळ आराखडा १९३७ च्या इटालियन एंजिनापर्यंत मागे जातो. हे एंजिन साधे व दुरुस्तीस सोपे होते. परंतु स्पर्धेअभावी त्यात सुधारणा अल्प झाल्या आणि मूळ देशात कालबाह्य ठरल्यावरही येथे ते अनेक वर्षे वापरात राहिले.

उन्हाळ्यात घाट चढताना सर्वांत अधिक त्रास बाष्परोधाचा होई. या मोटारींत पेट्रोल ओढणारा पंप एंजिनाच्याच अंगावर बसविलेला असे. तो मागील टाकीतून पेट्रोल शोषून घेई, त्यामुळे नळीतील दाब वातावरणीय दाबापेक्षा कमी राही. खालच्या गिअरमध्ये संथ चढताना एंजिनावर भार अधिक व समोरून येणारी हवा कमी, अशा स्थितीत पंप तापून नळीतील पेट्रोलची वाफ होई. द्रव ओढण्यासाठी बनविलेल्या पंपाला वाफ पुढे ढकलता येत नसे आणि एंजिन बंद पडे. पंपावर ओले फडके गुंडाळणे व अर्धा तास स्वस्थ बसणे, हा यावरील सर्वमान्य उपाय होता. उकळणारा रेडिएटर हे दुसरे संकट. दख्खनच्या विहिरींचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतल्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षारांचे थर साचत आणि शीतन मंदावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण घाईने उघडणाऱ्यांचे हात भाजल्याची उदाहरणेही पुष्कळ होती.

पावसाळ्यात दोषाचे स्थान बदले. इगतपुरी येथे वार्षिक पर्जन्यमान ३,००० मिमी. पेक्षा अधिक आहे, तेथून सु. ४५ किमी. वरील नासिक शहरात ते त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास आहे. नासिकहून कोरडी निघालेली गाडी इगतपुरीला पोहोचेतो वितरकाच्या टोपीत दमटपणा शिरे व ठिणगी भलत्याच मार्गाने जाई. याहून त्रासदायक म्हणजे कंडेन्सरचा दोष. तापल्यावर तो निकामी होई आणि थंड झाल्यावर पुन्हा काम करू लागे. त्यामुळे रस्त्यात तीनदा बंद पडलेली गाडी गॅरेजच्या दारात निर्दोष चाले. मापनाची साधने नसलेल्या मिस्त्रीला मग एकेक भाग बदलून पाहण्यावाचून गत्यंतर नसे. प्लग, पॉइंट, कॉइल असा क्रम लावीत तो मूळ दोषापाशी पोहोचेपर्यंत मालकाचा खर्च व संशय दोन्ही वाढत. बाजारातील नकली सुट्या भागांनी या गोंधळात भरच घातली, कारण नवा बसविलेला भागच सदोष असण्याची शक्यता कोणी प्रथम गृहीत धरीत नसे.

डीझेल एंजिनात ठिणगीची यंत्रणा नसल्याने हे दोष टळले. या एंजिनाशी नासिक जिल्ह्याचा निकटचा संबंध आहे. मायको या नावाने परिचित असलेल्या व २००८ पासून बॉश नाव धारण केलेल्या कंपनीचा नासिकमधील कारखाना डीझेल एंजिनाचे नोझल व अंतःक्षेपक बनवितो. महिंद्र कंपनीच्या इगतपुरी कारखान्यात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या आराखड्याचे २,११२ घ.सेंमी. डीझेल एंजिन तयार होई व ते जीपगाड्यांत बसविले जाई. द्राक्षे व कांदा पिकविणाऱ्या तालुक्यांत या गाड्यांचा प्रसार झाला. त्यांच्याही तक्रारी होत्या : निफाडच्या कडाक्याच्या थंडीत ‘हीटर मारल्या’शिवाय एंजिन चालू होत नसे, आणि टाकी रिकामी होऊन नळीत हवा शिरली तर स्क्रू ढिला करून, हातपंप मारून ती काढावी लागे.

परंतु डीझेल एंजिनाचा नाजूक भाग म्हणजे नोझल. त्याची सुई व तिचे घर यांतील अंतर मिलिमीटरच्या काही सहस्रांशांइतकेच असते आणि या भागांना वंगण मिळते ते डीझेलमधूनच. केरोसीन डीझेलहून पातळ असून त्याची वंगणक्षमता कमी असते. भेसळयुक्त इंधनाने नोझल व पंप झिजतात आणि शक्ती घटते. पेट्रोलमध्ये केरोसीन मिसळल्यास एंजिन ठोके देते, प्लगवर काजळी धरते व न जळालेले केरोसीन वंगण-तेलात उतरून बेअरिंगे खराब करते. नोझल बदलून, हेड उघडून केलेले काम काही महिन्यांत पुन्हा करावे लागे, त्याचे एक प्रमुख कारण हेच होते. मालकाचा राग मात्र मिस्त्रीवर निघे.

शिधापत्रिकेवरील अनुदानित केरोसीन व डीझेल यांच्या किमतींतील मोठी तफावत हे भेसळीचे मूळ होते. ओळखण्यासाठी केरोसीनला निळा रंग दिला जाई, तरी भेसळ थांबली नाही. मनमाडजवळील पानेवाडी येथे तेल कंपन्यांची मोठी साठवण केंद्रे असून तेथून टँकरने इंधन वितरित होते. २५ जानेवारी २०११ रोजी या परिसरात भेसळीचा प्रकार आढळल्याने त्याची शहानिशा करण्यास गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांच्यावर हल्ला होऊन त्यांना जिवंत जाळण्यात आले. या घटनेच्या निषेधार्थ राज्यातील शासकीय कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले. २०१६ पासून अनुदानित केरोसीनची किंमत टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आल्यावर भेसळीतील नफा घटत गेला.

प्रदूषणाचे निर्बंध २००० पासून देशभर कडक होत गेले, तसा पेट्रोल मोटारींतील कार्ब्युरेटर मागे पडून इंधन अंतःक्षेपण पद्धती रूढ झाली. विजेवर चालणारा पंप टाकीतच बुडविलेला असल्याने नळीतील पेट्रोल दाबाखाली राहते. त्यामुळे बाष्परोध जवळजवळ नाहीसा झाला. दुरुस्तीचे स्वरूपही पालटले. दोष कानाने ओळखण्याऐवजी संगणकीय उपकरणावर वाचला जातो आणि बिघडलेला भाग खोलण्याऐवजी संपूर्ण बदलला जातो. नव्या डीझेल एंजिनांतील अंतःक्षेपक कित्येक पट अधिक दाबाखाली काम करतात; इंधनातील पाणी व कचरा त्यांना जुन्या नोझलपेक्षाही कमी सोसतो. [→ अंतर्ज्वलन-एंजिन, मोटारगाडी].