वाहनांतील संश्लेषित वंगण तेल

संश्लेषित वंगण तेल म्हणजे रासायनिक प्रक्रियेने मुद्दाम घडविलेल्या, किंवा खनिज तेलापासून मोठ्या प्रमाणात पुनर्रचना करून मिळविलेल्या रेणूंपासून तयार केलेले वंगण होय. व्यवहारात त्यास सिंथेटिक ऑइल म्हणतात. मोटारी, दुचाकी व अवजड वाहने यांचे इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल यांत ते वापरले जाते. थंडीत सहज वाहणे, उच्च तापमानास टिकणे आणि दीर्घकाळ न बिघडणे हे त्याचे मुख्य गुण आहेत. तथापि ‘संश्लेषित’ ही संज्ञा तेलाच्या घडणीविषयी माहिती देते. ते एखाद्या विशिष्ट वाहनास योग्य आहे किंवा नाही, हे तीवरून कळत नाही. ती योग्यता श्यानता श्रेणी, गुणवत्ता वर्ग आणि वाहन उत्पादकाची मान्यता यांवरून ठरते.

वंगणाचे कार्य

एकमेकांवर सरकणाऱ्या धातूच्या पृष्ठभागांमध्ये तेलाचा पातळ थर राखून घर्षण व झीज कमी करणे हे वंगणाचे मुख्य काम आहे. याशिवाय इंजिनातील तेल पिस्टन व बेअरिंग यांची उष्णता वाहून नेते, काजळी व धातूचे कण आपल्यात धरून ठेवते, ज्वलनातून निर्माण होणारी आम्ले निष्प्रभ करते आणि गंज रोखते.

वेगाने फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये तेलाचा अखंड थर तयार होतो आणि धातू धातूला टेकत नाही. येथे संरक्षण मुख्यतः तेलाच्या श्यानतेमुळे, म्हणजे बोलीभाषेतील दाटपणामुळे मिळते. याउलट कॅम, टॅपेट किंवा पिस्टन दिशा बदलतो तो बिंदू अशा ठिकाणी हा थर तुटू शकतो. तेथे तेलात मिसळलेली झीजरोधक द्रव्ये धातूवर संरक्षक लेप निर्माण करतात. म्हणून तयार तेलाचा दर्जा केवळ आधार तेलावर नव्हे, तर त्यातील पूरक द्रव्यांवरही अवलंबून असतो.

आधार तेलांचे वर्गीकरण

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट (एपीआय) या संस्थेने आधार तेलांचे पाच गट केले आहेत.

• गट १ : द्रावकांच्या साहाय्याने शुद्ध केलेली खनिज तेले. यांत संपृक्त हायड्रोकार्बनांचे प्रमाण ९० टक्क्यांहून कमी किंवा गंधकाचे प्रमाण ०.०३ टक्क्यांहून अधिक असते.
• गट २ : हायड्रोजन प्रक्रियेने अधिक शुद्ध केलेली खनिज तेले. संपृक्त घटक किमान ९० टक्के व गंधक कमाल ०.०३ टक्के.
• गट ३ : तीव्र हायड्रोजन प्रक्रियेने रेणूंची पुनर्रचना केलेली तेले. शुद्धतेची अट गट २ प्रमाणेच, परंतु श्यानता निर्देशांक १२० किंवा अधिक. नैसर्गिक वायूपासून बनविलेली आधार तेलेही सामान्यतः याच गटात मोडतात.
• गट ४ : पॉलिअल्फाओलेफिन. ही तेले लहान रेणू जोडून घडविली जातात.
• गट ५ : वरील गटांत न बसणारी सर्व तेले, उदा. एस्टर व पॉलिअल्किलिन ग्लायकॉल.

श्यानता निर्देशांक हे तापमानानुसार तेलाची श्यानता किती बदलते याचे माप आहे. निर्देशांक जितका जास्त, तितका हा बदल कमी. १९२९ साली डीन व डेव्हिस यांनी ही मोजपट्टी मांडली. त्या वेळी पेनसिल्व्हेनियातील उत्तम तेलास १०० आणि मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावरील तेलास ० हा अंक देण्यात आला होता. आजची अनेक तेले १०० च्या पुष्कळ पुढे गेली आहेत.

इतिहास

अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या अखेरीस ओलेफिन रेणू जोडून वंगण तेल बनविण्याचे प्रयत्न झाले. परंतु खनिज तेल मुबलक व स्वस्त असल्याने त्यास मागणी नव्हती. खनिज तेलाची टंचाई असलेल्या जर्मनीत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हेरमान झोर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी एस्टर तेलांवर विस्तृत संशोधन केले. युद्धानंतर जेट इंजिनांचा प्रसार झाला, तेव्हा त्यांतील तीव्र तापमानास खनिज तेले अपुरी पडली आणि विमान क्षेत्रात एस्टर तेले रूढ झाली.

मोटारींसाठी एपीआयच्या कसोट्या पूर्ण करणारे संश्लेषित तेल अ‍ॅम्सॉइल या अमेरिकन कंपनीने १९७२ साली बाजारात आणले. त्यानंतर काही वर्षांतच मोबिल १ हे तेल आले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅस्ट्रॉलने आपल्या सिन्टेक या तेलात पॉलिअल्फाओलेफिनऐवजी गट ३ चे आधार तेल वापरण्यास सुरुवात केली. अशा तेलास संश्लेषित म्हणावे काय, असा आक्षेप मोबिलने अमेरिकेतील जाहिरात स्वनियमन यंत्रणेपुढे नेला. १९९९ साली निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून गट ३ ची तेलेही बहुतेक देशांत ‘संश्लेषित’ म्हणून विकली जातात. जर्मनीत मात्र ‘पूर्ण संश्लेषित’ ही संज्ञा परंपरेने गट ४ व ५ पुरती राखली जाते. ‘सेमी सिंथेटिक’ तेलात संश्लेषित भाग किती असावा, याचे सर्वमान्य प्रमाण ठरलेले नाही.

श्यानता श्रेणी

इंजिन तेलाच्या डब्यावरील ‘५डब्ल्यू-३०’ यांसारखी खूण सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स (एसएई) या संस्थेच्या जे३०० या मानकानुसार असते. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे द्योतक आहे. त्याच्या आधीचा अंक थंड इंजिन सुरू होतानाची, तर नंतरचा अंक तापलेल्या इंजिनातील श्यानता दर्शवितो. थंडीतील चाचणीचे तापमान ०डब्ल्यूसाठी उणे ३५, ५डब्ल्यूसाठी उणे ३०, १०डब्ल्यूसाठी उणे २५, १५डब्ल्यूसाठी उणे २० आणि २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंश सेल्सिअस असते. दुसऱ्या अंकासाठी १०० अंश सेल्सिअसला श्यानता मोजतात. ‘३०’ या श्रेणीसाठी ती ९.३ ते १२.५, तर ‘४०’ साठी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या मर्यादेत असावी लागते. शिवाय १५० अंश सेल्सिअसला, तीव्र ताणाखाली श्यानता किती उरते याचीही चाचणी होते.

महाराष्ट्रात तापमान क्वचितच गोठणबिंदूपर्यंत उतरते. त्यामुळे इंजिन सुरू होण्यासाठी येथे ०डब्ल्यू तेलाची गरज भासत नाही. लडाखसारख्या प्रदेशात मात्र पहिला अंक निर्णायक ठरतो. तरीही पहाटेच्या साध्या गारव्यात कमी अंकाचे तेल वरच्या भागांपर्यंत लवकर पोहोचते आणि सुरुवातीच्या क्षणांतील झीज घटते.

दुसरा अंक मुख्यतः इंजिनाच्या रचनेवरून ठरतो. प्रदेश उष्ण आहे म्हणून तो स्वतःहून वाढविणे योग्य नसते. ‘२०’ श्रेणीसाठी बनविलेल्या इंजिनात ‘५०’ श्रेणीचे तेल घातल्यास इंधन अधिक लागते, तसेच तेलाच्या दाबावर चालणाऱ्या झडप-नियंत्रण यंत्रणेच्या कामात अडथळा येऊ शकतो. याउलट ‘४०’ श्रेणीच्या इंजिनात ‘१६’ किंवा ‘२०’ श्रेणीचे तेल वापरल्यास बेअरिंगमधील थर अपुरा पडण्याचा धोका असतो. काही वाहनपुस्तिकांत हवामानानुसार एकाहून अधिक श्रेणी दिलेल्या असतात. निवड त्या मर्यादेतच करावी लागते.

गुणवत्ता वर्ग

एपीआयच्या वर्गीकरणात ‘एस’ने सुरू होणारे वर्ग पेट्रोल इंजिनांसाठी, तर ‘सी’ने सुरू होणारे वर्ग डिझेल इंजिनांसाठी असतात. एसएन वर्ग २०१० साली, तर एसपी वर्ग २०२० साली लागू झाला. टर्बोचार्जर असलेल्या लहान पेट्रोल इंजिनांत कमी वेगावर मिश्रण अकाली पेटून पिस्टन फुटण्याचा धोका असतो. तो कमी करण्याची कसोटी एसपी वर्गात समाविष्ट आहे. प्रक्षालक म्हणून वापरल्या जाणाऱ्या कॅल्शियम संयुगांमुळे असे ज्वलन वाढते असे आढळल्याने नव्या तेलांत त्यांची जागा काही अंशी मॅग्नेशियम संयुगांनी घेतली.

पेट्रोल इंजिनांसाठीचा नवा वर्ग सामान्यतः जुन्याची जागा घेऊ शकतो; पण या नियमास अपवाद आहेत. झीज रोखणारे जस्त व फॉस्फरसयुक्त द्रव्य कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हानिकारक असल्याने ५डब्ल्यू-३० सारख्या इंधनबचत श्रेणींत फॉस्फरसचे प्रमाण ०.०८ टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आले. सपाट टॅपेट असलेल्या काही जुन्या इंजिनांना हे प्रमाण कमी पडू शकते. डिझेलमध्ये एफए-४ हा वर्ग सीके-४ चा पर्याय नव्हे. तो कमी श्यानतेच्या तेलासाठीच रचलेल्या इंजिनांपुरता आहे.

युरोपीय उत्पादकांच्या एसीईए या संघटनेचे ‘सी’ वर्ग कमी राख निर्माण करणाऱ्या तेलांचे आहेत. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यावर डिझेल मोटारींत काजळी गाळणारे फिल्टर सार्वत्रिक झाले. तेल जळून उरणारी राख या फिल्टरमध्ये साचते आणि काजळीप्रमाणे ती जाळून टाकता येत नाही. अशा वाहनात जास्त राखेचे तेल, ते कितीही महागडे व पूर्ण संश्लेषित असले तरी, अयोग्य ठरते.

दुचाकींसाठी तेल

बहुतेक मोटरसायकलींमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात चालतात. मोटारींच्या इंधनबचत करणाऱ्या तेलांत घर्षण घटविणारी द्रव्ये असतात. त्यांमुळे तेलात बुडालेला क्लच घसरू लागतो. यासाठी जपानच्या जासो या मानक संस्थेने १९९८ पासून स्वतंत्र वर्ग ठरविले. एमए व एमए२ हे वर्ग ओल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठी आहेत. एमबी वर्गाच्या तेलाचे घर्षण कमी असते आणि क्लच तेलाबाहेर असणाऱ्या गिअररहित स्कूटरना ते चालते. अशा स्कूटरमध्ये मागील चाकाजवळील गिअरपेटीचे तेल वेगळे असते आणि तेही वेळोवेळी बदलावे लागते.

गिअर तेल

गिअर तेलाची श्यानता एसएईच्या जे३०६ या वेगळ्या मानकाने दर्शवितात. ७५डब्ल्यू-९० हे अंक मोठे दिसत असले, तरी मोजपट्टीच वेगळी असल्याने १०० अंश सेल्सिअसला या तेलाची श्यानता इंजिन तेलाच्या ‘४०’ ते ‘५०’ श्रेणीच्या आसपासच असते.

मागील धुऱ्यावरील हायपॉइड गिअरचे दाते एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घसटतात. तेथे गंधक व फॉस्फरसयुक्त तीव्र-दाब द्रव्ये तापलेल्या दात्यांवर रासायनिक लेप तयार करतात. जीएल-५ वर्गाच्या तेलात ही द्रव्ये जीएल-४ पेक्षा साधारण दुप्पट असतात. परंतु सिंक्रोनायझरच्या कड्या अनेकदा पितळेच्या असतात आणि क्रियाशील गंधक तांब्याच्या मिश्रधातूंना खातो. शिवाय गिअर बदलताना या कड्यांना ठरावीक घर्षण आवश्यक असते. म्हणून जीएल-४ सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये ‘पुढचा अंक’ म्हणून जीएल-५ घालणे हा सुधार नसून चूक ठरू शकते. दोन्ही उपयोगांस चालणारी तेले मिळतात. मात्र तसा उल्लेख उत्पादकाने स्पष्टपणे केलेला असावा लागतो.

स्वयंचलित गिअरबॉक्स, सीव्हीटी आणि दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्ससाठी वेगवेगळी द्रवे असतात व ती एकमेकांऐवजी वापरता येत नाहीत. एएमटी प्रकारात मात्र आत साधा हाताने बदलण्याच्या प्रकारचाच गिअरबॉक्स असल्याने सामान्यतः त्याचे गिअर तेलच लागते. विद्युत वाहनांना इंजिन तेल लागत नसले, तरी त्यांच्या वेगघट गिअरसाठी वंगण आवश्यक असते.

फायदे व मर्यादा

संश्लेषित आधार तेलात मेणाचा अंश नगण्य असल्याने ते थंडीत गोठत नाही. त्याचे बाष्पीभवन व ऑक्सिडीभवन मंद असते. त्यामुळे टर्बोचार्जरच्या तप्त बेअरिंगवर कोळसा कमी साचतो. श्यानता टिकविण्यासाठी त्यात बहुवारिक द्रव्ये कमी लागतात. ही द्रव्ये दात्यांमध्ये चिरडून तुटत असल्याने त्यांचे कमी असणे लाभदायक ठरते.

तथापि काजळी, पेट्रोल व पाणी तेलात मिसळण्याचे प्रमाण आधार तेलावर अवलंबून नसते. शहरातील लहान फेऱ्या, वाहतूक कोंडी, धूळ व अवजड ओढकाम यांची गणना वाहनपुस्तिकांत ‘कठीण वापर’ अशी केलेली असते आणि त्यासाठी तेलबदलाची मुदत कमी दिलेली असते. संश्लेषित तेल वापरले म्हणून ही मुदत आपोआप वाढत नाही.

प्रचलित गैरसमज

• तेल काळे झाले म्हणजे निकामी झाले : काजळी विखुरलेली ठेवणारी द्रव्ये काम करीत असली की तेल काळे पडते, डिझेल इंजिनात हे लवकर घडते. केवळ रंगावरून तेलाची स्थिती ठरविता येत नाही.
• संश्लेषित तेलानंतर पुन्हा खनिज तेल वापरता येत नाही : एपीआय वर्गाची इंजिन तेले परस्परांत मिसळू शकतात. आणीबाणीत त्याच श्रेणीचे दुसरे तेल भर म्हणून घालता येते. मात्र मिश्रणाचे गुण अनिश्चित राहतात.
• संश्लेषित तेलामुळे गळती होते : पॉलिअल्फाओलेफिनने रबरी सील किंचित आकसतात. सुरुवातीच्या तेलांत ही अडचण होती. पुढे एस्टर मिसळून ती दूर करण्यात आली. जुन्या इंजिनात मात्र आधीच झिजलेले सील उघडे पडू शकतात.
• अधिक तेल म्हणजे अधिक संरक्षण : डिपस्टिकवरील वरच्या खुणेपलीकडे तेल भरल्यास क्रँकशाफ्ट ते घुसळते, फेस होतो आणि पंपात हवा जाऊन तेलाचा दाब घटू शकतो.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

वापरलेल्या तेलात जड धातू व अपायकारक हायड्रोकार्बने असतात. भारतात २०१६ च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार त्याची गणना घातक कचऱ्यात होते आणि ते केवळ अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्रांकडेच देता येते. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची विस्तारित जबाबदारी तेल उत्पादक व आयातदारांवर टाकण्यात आली आहे. घरी तेल बदलणाऱ्यांनी ते गटारात, जमिनीवर किंवा विहिरीजवळ न ओतता झाकणाच्या डब्यात साठवून सर्व्हिस सेंटरमार्फत संकलनास देणे अपेक्षित असते. पुनर्शुद्धीकरणाने अशा तेलापासून पुन्हा आधार तेल मिळविता येते.