खेळ बसवणे

मराठीत 'बसवणे' हे क्रियापद मोठं सोशिक आहे. गणपती बसवतात, नाटक बसवतात, नळाला तोटी बसवतात आणि उधारी वसूल करायला आलेल्या गृहस्थाला बाहेरच्या खोलीत बसवतात. यातली कुठलीही गोष्ट एकदा बसली की बसते. (नाटक कधीकधी बसत नाही, किंवा फारच बसतं. पण तो दोष क्रियापदाचा नव्हे.) कॉम्प्युटरवर खेळ बसवतात, तेव्हा मात्र बहुतेक वेळा बसतो तो खेळ नव्हे, तर खेळ बसवणारा. तोही रात्री दोनपर्यंत. आणि तो कॉम्प्युटर लिनक्सवर चालणारा असला, तर घरातल्या माणसांनी त्याच्यापुढे चहा ठेवून हळूच दार लोटून घ्यावं हे बरं.

ज्यांचा लिनक्सशी परिचय नाही अशा भाग्यवंतांसाठी थोडं सांगतो. लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी व्यवस्था. तिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, दुरुस्त करता येतो आणि शेजाऱ्याला वाटताही येतो. म्हणजे विंडोज हे हॉटेल असेल, तर लिनक्स ही गावजेवणाची पंगत. पैसे कोणी मागत नाही. मात्र आमटीत मीठ कमी आहे असं म्हटलंत की मिठाची बरणी तुमच्याच हातात येते.

असल्या साध्वी व्यवस्थेला खेळाचं वावडंच असणार, असा पुष्कळांचा समज आहे. इतिहास अगदी उलट सांगतो. हे सगळं घराणंच मुळी खेळाच्या नादातून जन्माला आलं. अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्प्सन नावाचे गृहस्थ होते. १९६९ साली त्यांनी 'स्पेस ट्रॅव्हल' नावाचा खेळ लिहिला. सूर्यमाला, ग्रह, त्यातून एक यान हाकायचं आणि जमलं तर कुठेतरी उतरवायचं. कचेरीच्या मोठ्या यंत्रावर तो एकदा खेळला की हिशेबात पाऊणशे डॉलरचा यंत्रवेळ पडायचा. आपल्याकडे एवढ्या रकमेवर चौकशी समिती बसली असती. थॉम्प्सननी कोपऱ्यात पडलेलं, फारसं कोणी वापरत नसलेलं पीडीपी-७ जातीचं यंत्र हेरलं आणि खेळ तिकडे हलवला. म्हणजे जगातल्या या घराण्यातला पहिला 'खेळ बसवण्याचा' खटाटोप तो. त्या खटाटोपातून हातातलं यंत्र कळत गेलं. पुढे त्यांची पत्नी लहान मुलाला घेऊन तीन आठवडे कॅलिफोर्नियाला गेली. बायको गावाला गेली की आपण दुधाचं पातेलं जाळतो आणि खानावळीचा पत्ता शोधतो. या माणसाने एक आठवडा संपादकाला, एक असेम्ब्लरला, एक व्यवस्थेच्या गाभ्याला असे वाटून दिले, आणि सौ. थॉम्प्सन परत येईतो युनिक्सचा पाया घालून झाला होता.

दुसरा पुरावा फिनलंडातला. लिनस तोर्वाल्ड्स हा हेलसिंकीचा विद्यार्थी. १९९१च्या जानेवारीत त्याने नवा ३८६ कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर घालायला मिनिक्स नावाची व्यवस्था मागवली. ती टपालाने यायला वेळ लागला. तोवर चिरंजीव काय करत होते? 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळत होते. त्याच वर्षी २५ ऑगस्टला त्याने जाहीर केलं की आपण एक व्यवस्था लिहितो आहोत, केवळ हौस म्हणून, फार मोठं काही होणार नाही. त्या हौसेने पुढे काय काय व्यापलं ते आपण पाहतोच आहोत. खेळाने मुलं बिघडतात असं म्हणणाऱ्या पालकांना ही दोन उदाहरणं सांगू नयेत. ते आपल्यालाच बिघडलेले समजतात.

तेव्हा खेळ लिनक्सला चालत नव्हता असं नाही. 'डूम' हा राक्षस मारण्याचा खेळ १९९३च्या डिसेंबरात आला आणि १९९४ सालीच डेव्ह टेलर यांनी तो लिनक्सवर आणला. अडचण निराळीच होती. खेळ लिहिणाऱ्या कंपन्यांना गिऱ्हाईक लागतं, आणि पंगतीला बसलेल्यांना पैसे देण्याची सवय नव्हती.

ही सवय लावायला निघालेला माणूस पेशाने वकील होता, यात मला काव्यात्म न्याय दिसतो. स्कॉट ड्रेकर यांनी १९९८ साली कॅलिफोर्नियात लोकी सॉफ्टवेअर काढली. दुसऱ्यांचे गाजलेले विंडोजवरचे खेळ रीतसर परवानगीने लिनक्सवर आणायचे आणि खोक्यात घालून विकायचे. १९९९ साली 'सिव्हिलायझेशन : कॉल टू पॉवर' आला. मग 'क्वेक थ्री' चक्क पत्र्याच्या डब्यात आला. आपल्याकडे त्यात चकल्या राहिल्या असत्या. माल उत्तम होता, कारागीर अव्वल होते, आणि गिऱ्हाईक फार थोडं. २००२च्या जानेवारीत दुकान बंद झालं. पण त्यांच्यातला सॅम लँटिंगा याने लिहिलेली एसडीएल नावाची लायब्ररी, पडदा, आवाज आणि कळफलक यांच्याशी खेळाची गाठ घालून देणारी, ती उघडी असल्यामुळे जगली. दुकान बुडालं, पण दुकानातली शिडी अजून गावभर वापरतात.

आता 'लायब्ररी' हा शब्द आला आहे, तर सगळ्या दुखण्याचं मूळ इथेच सांगून टाकतो. कुठलाही खेळ एकटा येत नाही. लग्नात एका मावशीला बोलवावं तर तिला सोबत सूनबाई लागते, सूनबाईला मूल सोडवत नाही आणि मुलाला गाईचंच दूध चालतं, तसं. खेळाला अमुक लायब्ररी लागते, तिला तमुक लागते, आणि तमुकची तीच आवृत्ती लागते जी मागच्या पावसाळ्यात काढून टाकली. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो बाकी वाड्यातल्या आजोबांसारखा आहे. वर चालणाऱ्या प्रोग्रॅमला एकदा दिलेला शब्द मोडायचा नाही, हा तोर्वाल्ड्स यांचा कडक नियम. पण घर आजोबा थोडेच चालवतात? भोवतालच्या लायब्रऱ्या दर दिवाळीला भांडी बदलतात. आणि खेळ मात्र जुन्या पातेल्याचा पत्ता घेऊन येतो.

आवाजाचंच बघा. पूर्वी ओएसएस नावाची पद्धत होती. बहुतेक कॉम्प्युटरांवर तिच्यात एका वेळी एकाच प्रोग्रॅमला आवाज काढता यायचा. चाळीतल्या एका नळासारखं. गाण्याने बादली लावली की खेळ रांगेत. मग २००३च्या डिसेंबरात आलेल्या २.६ कर्नलमध्ये अल्सा आली आणि जुने खेळ मुके झाले. त्यांना बोलतं करायला मध्ये दुभाष्या घालायचा. पुढे अल्सावर पल्सऑडिओ बसली. मग दुभाष्याला दुभाष्या.

दुभाष्यांचा राजा म्हणजे वाइन. १९९३ साली सुरू झालेला हा प्रकल्प १९९४पासून आलेक्झांद्र ज्युलियार सांभाळतात. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम विंडोजच्या भाषेत काही मागतो, आणि वाइन ते लिनक्सच्या भाषेत करून देते. विंडोजची नक्कल करणारं यंत्र नव्हे, म्हणून नावाचा अर्थच 'वाइन हे नकलयंत्र नव्हे' असा. १.० ही आवृत्ती यायला २००८चा जून उजाडला. पंधरा वर्षं! माणिकचंद सावकाराचा दावाही याहून लवकर निकालात निघतो. या नावाने आमच्या घरात मात्र अनर्थ केला. भाचा फोनवर मोठ्याने म्हणाला, "मामा, तुम्ही अजून जुनीच वाइन घेता? नवी घ्या, पडदा हलायचा थांबेल." हिने स्वयंपाकघरातून जे पाहिलं, ते पाहिलेलं बरं नव्हे.

खेळ बसवताना होणाऱ्या अपघातांचा इतिहासही दुर्लक्षिण्यासारखा नाही. व्हॉल्व कंपनीने आपलं स्टीम हे खेळांचं दुकान २०१३च्या फेब्रुवारीत लिनक्सवर रीतसर उघडलं. २०१५च्या जानेवारीत एक भयंकर दोष उघड झाला. कोणी स्टीमची खोली उचलून दुसरीकडे हलवली, तर तिच्या सुरुवातीच्या आज्ञापत्रात 'अमुक खोलीतलं सगळं काढून टाक' या वाक्यातली 'अमुक' ही जागा कोरी राहायची. उरलं काय? सगळं काढून टाक. यंत्र आज्ञाधारक असतं. माणसांच्या फायली, फोटो, जोडलेल्या दुसऱ्या डिस्कवरचेसुद्धा, साफ. गंमत म्हणजे त्या ओळीच्या शेजारी लिहिणाऱ्यानेच 'स्केअरी!' असा शेरा मारून ठेवला होता. पुलावर 'पूल मोडका आहे' अशी पाटी लावावी, पण ती पुलाच्या खालच्या बाजूने, त्यातला प्रकार.

दुसरा अपघात २०२१च्या नोव्हेंबरातला आणि जाहीर. कॅनडातले लिनस सेबॅस्टियन, कॉम्प्युटरवर व्हिडिओ करणारे (हे लिनस निराळे), पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम बसवायला बसले. दुकानाच्या खिडकीतून बसेना, तेव्हा आज्ञा टाइप करून बसवू गेले. त्या दिवसांत एका पॅकेजात गोंधळ होता. यंत्राने लांबलचक यादी दाखवली, त्यात सबंध डेस्कटॉपच काढला जाईल असं होतं, आणि पुढे सांगितलं की खरंच हवं असेल तर 'होय, मी सांगतो तसं कर!' हे वाक्य इंग्रजीत अक्षर न चुकता टाइप करा. त्यांनी केलं. यंत्राने तसं केलं. खेळाचं दुकान आणायला गेले आणि राहतं घर गेलं. लाखो लोकांनी हे पाहिलं आणि दोन तट पडले. एक म्हणाला, वाचत नाहीत लेकाचे. दुसरा म्हणाला, दुकान बसवायला आलेल्या माणसाला घर पाडायचा पर्याय देताच कशाला? माझं मत दुसऱ्याच्या बाजूने. बँकेतल्या फॉर्मवरची बारीक अक्षरं वाचून सही करणारा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही. पुढे पॅकेज दुरुस्त झालं आणि एपीटी या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमातून ते वाक्यच काढण्यात आलं.

चित्र पालटलं ते २०१८ साली. जर्मनीतल्या फिलिप रेबोले यांना 'नियर : ऑटोमाटा' हा खेळ लिनक्सवर खेळायचा होता. तो चालेना. तेव्हा त्यांनी विंडोजची चित्रभाषा व्हल्कन या भाषेत उलथी करणारा डीएक्सव्हीके लिहिला. (थॉम्प्सन यांचंच गोत्र.) व्हॉल्वने तो आणि वाइन एकत्र बांधून ऑगस्टात प्रोटॉन काढलं, आणि २०२२च्या फेब्रुवारीत स्टीम डेक नावाचं लिनक्सवर चालणारं खेळयंत्र विकायला आणलं. विंडोजचे हजारो खेळ आता बटण दाबल्यावर सुरू होतात. दुभाष्या मध्ये आहे हे खेळालाही कळत नाही.

यातून एक विचित्र गोष्ट झाली, आणि ती मला अजून खुपते. २००० सालचा विंडोजवरचा खेळ आज लिनक्सवर वाइनमधून पुष्कळदा सुखाने चालतो. आणि २००० साली खास लिनक्ससाठी लिहिलेला खेळ चालत नाही. परक्यासाठी घरात दुभाष्या ठेवला आहे आणि घरच्या म्हाताऱ्याची भाषा कोणाला येत नाही. डूम वाचला, कारण कार्मॅक यांनी १९९७च्या डिसेंबरात त्याचा मूळ मजकूर जगाला देऊन टाकला. तोही लिनक्सवरचा, कारण डॉसवरच्या आवृत्तीतली आवाजाची लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची होती. आता तो कशावरही चालतो. ज्यांचा मजकूर कपाटात राहिला, ते खेळ कपाटातच गेले.

माझ्याकडे तसा एक आहे. नाव सांगत नाही, खेळाचा दोष नाही. राज्यं वसवण्याचा खेळ, एका मित्राने परदेशाहून येताना सीडी आणली होती. आम्ही दोघं एकाच यंत्रावर आळीपाळीने खेळायचो. शनिवारी त्याची चाल, रविवारी माझी, मध्ये आठवडाभर आरोप. मित्र २००४ साली गेला. यंत्रही गेलं, पण डावाची फाइल मी डिस्कमागून डिस्कवर वाहत आणली. मागच्या दिवाळीत भाच्याला म्हटलं, "बघ जरा."

"मामा, ही लायब्ररी वीस वर्षांपूर्वीच मेली," तो म्हणाला. पण बसला. जुन्या वितरणाच्या साठ्यातून एकेक लायब्ररी उकरून त्याने एका वेगळ्या खोलीत ठेवली आणि खेळाला सांगितलं की बाबा, तू इथेच बघ, बाहेर बघू नकोस, बाहेर जग बदललं आहे. खेळ दोनदा पडला. तिसऱ्यांदा उठला, मुका. आवाजाला दुभाष्या दिला. रात्री दीडला कर्णा वाजला, तोच, किंचित चिरका. हिने आतून विचारलं, "कोण आलं?"

भाच्याने डाव उघडला. नकाशा आला, त्याची ती सहा गावं, उत्तरेला उगाच बांधलेली भिंत.

"मामा, हे एवढं सैन्य नदीवर उभं का आहे? हलवू?"

"नको," मी म्हटलं. "शनिवारची चाल त्याची आहे."